रायबागला निपाणीमार्गे

कोल्हापुराहून रायबागला जायला दोन वाटा आहेत, आणि या दोन वाटांवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत होत नसतील. एक वाट बसची: निपाणी, चिकोडी, मग रायबाग. दुसरी रेल्वेची: मिरजेला गाडी बदलायची आणि पुढं कर्नाटकात शिरून उगार, कुडची, चिंचली, रायबाग. बसला पैसे पडतात. रेल्वेला मला पडत नव्हते, कारण मी रेल्वेचीच नोकर होते आणि घरापासून कामापर्यंतचा पास मला मिळाला होता. एवढं गणित कुणालाही सुटेल. तरी मी बसनं जायचं ठरवलं, आणि सगळं घर माझ्यावर चिडलं.

सगळं घर म्हणजे तरी किती, तर दोन माणसं. एक सासरे, धोंडीराम, ज्यांना मी मामा म्हणायची. उभं आयुष्य त्यांनी इचलकरंजीत मागावर काढलं होतं आणि आता विचारे माळावरच्या आमच्या दोन खोल्यांत बसून ते सगळ्या जगाला सूचना देत असत. दुसरी नणंद सोनम, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. माझी मुलगी मनाली तेव्हा बालवाडीत जायची. तिला कुठलीही गाडी चालली असती, खिडकी मिळाल्याशी कारण.

नोकरी खरी माझी नव्हतीच, माझ्या नवऱ्याची होती. प्रसेनजीत कुडचीला रेल्वेच्या गँगमध्ये होता. रूळ तपासत चालायचं, रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या सैल झाल्या की ठोकायच्या, पावसाळ्यात पुलाला पाणी किती लागलंय ते बघून यायचं. आठवडाभर तिकडंच राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. सन दोन हजारच्या पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं होतं. उगार आणि कुडचीच्या मधे रेल्वेचा लांबलचक पूल आहे. त्या पुलावर तो पाणी बघायला गेला आणि त्याचा पाय घसरला. कुणाची चूक नव्हती. मला कुणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या, पण द्यायला माणूसच सापडलं नाही.

तो बऱ्याच दिवसांनी, बराच खाली सापडला. मामा तिकडं गेले, गँगमधली माणसं होती, तिथंच काठावर सगळं उरकलं. घरी आणण्यासारखं राहिलं नव्हतं, असं म्हणाले. मला कुणी नेलं नाही. बायकामाणसाचं तिथं काय काम, म्हणून नेलं नाही. त्याचं तोंड मी बघितलं नाही आणि जागाही बघितली नाही. मग घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी आले, वंदना झाली, लोक जेवून गेले. फोटोला हार घातला, तेवढाच माझा निरोप.

पुढच्या वर्षी मला त्याच्या जागी अनुकंपाखाली घेतलं. रायबागला रूळखात्याच्या कचेरीत शिपाई. नवऱ्याची नोकरी ज्या विभागातली, त्याच विभागात जागा मिळणार, कोल्हापूर मागून उपयोग नव्हता. मी दहावी पास, लग्नाआधी इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरत होते. मला कोण कुठली दुसरी नोकरी देणार होतं?

आता ती गोष्ट सांगते जी मी तेव्हा घरात सांगितली नाही. मला तो पूल ओलांडायचा नव्हता. मला भीती वाटत होती. नुसतं गाडीत डोळे मिटून बसले तरी चाकांचा आवाज बदलला की मला कळणार होतं, की आपण आता त्याच्यावरून चाललोय. रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. हे मला झेपणार नव्हतं, म्हणून निपाणीमार्गे.

हे सरळ सांगायला काय हरकत होती, असं कुणीही विचारेल. आमची माणसं तोंडाची फटकळ. शेजाऱ्याच्या भाजीत मीठ जास्त झालं तर ते त्याला चार घरांना ऐकू जाईल असं सांगणारी. पण प्रसेनजीतचं नाव निघालं की घरातल्या प्रत्येकाला एकदम कुठलंतरी काम आठवायचं. सोनम पाणी भरायला उठायची. मामा खाकरायचे आणि चपला शोधायचे. मी तव्याकडं वळायची. असं वर्षभर चाललं होतं, मग पूल हा शब्द कुठून निघणार?

म्हणून आम्ही भाड्यावर भांडत होतो.

सोनमनं एका रविवारी पाटीच घेतली. सीएची परीक्षा द्यायची असल्यासारखी ती दोन दिवस एसटी स्टँडवर जाऊन चौकशी करून आली होती.

"वैनी, नीट ऐक," ती म्हणाली. "निपाणीपर्यंत आपली यष्टी धर न्हायतर कर्नाटकाची, भाडं जवळजवळ सारखंच. खरी मेख पुढं हाय. आपल्या यष्टीचा पास त्यांच्या गाडीत चालत न्हाय आणि त्यांचा आपल्या गाडीत चालत न्हाय. म्हणजे पास काढून फायदा न्हाय, रोज तिकीटच फाडायचं. निपाणीला गाडी बदल, चिकोडीला बदल. कागलपासनं वडापनं गेलीस तर दोन रुपये वाचतील, पर जीपमधी माणसं कोंबत्यात. इचलकरंजीवरनं बोरगाव करून चिकोडी धरलीस तर जरा स्वस्त, पर गाड्या कमी. एक चुकली की बसलीस."

"आणि मिरजेपर्यंत रेल्वेनं जाऊन पुढं रस्त्यानं? कागवाडवरनं?" तिनं स्वतःच विचारलं.

"नको," मी म्हटलं. तिकडूनही नदी तीच होती.

"मग बसनं पगारातला निम्मा पैसा जातोय बघ. येळ तेवढाच लागतोय, मिरजेला थांबायचं धरलं तरी. रेल्वेला काय? शून्य." तिनं पाटीवर एक मोठं शून्य काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

मामा कोपऱ्यात बसून ऐकत होते. मागाच्या खटखटाटानं त्यांचे कान बसले होते, त्यामुळं ते साधं बोलले तरी गल्लीतली कुत्री उठून बसायची.

"फुकटची गाडी सोडून पैसं मोजून बसनं जायाचं, ही कुठली शानपट्टी म्हणायची?" ते म्हणाले.

"बस बरी पडते मला."

"माझा जलम यष्टीत गेला. कोल्हापूर-इचलकरंजी, इचलकरंजी-कोल्हापूर. यष्टी काय असती ते मला नगं शिकवूस. पंक्चर झाली की उतरा, पाऊस आला की गळती, बंद पुकारला की घरात बसा. रेल्वेनं जा. ऐक माझं."

"मी बसनंच जाणार, मामा."

"का पर?"

"उलटी होते रेल्वेत," मी म्हटलं. त्या घरात माझ्या तोंडून बाहेर पडलेलं हे सगळ्यात मूर्ख वाक्य. लग्न करून मी त्या घरात आले ती रेल्वेनंच आले होते आणि वाटेत दोन वडे खाल्ले होते. सोनम हसली. मामा हसले नाहीत. ते माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी चपला शोधल्या.

मी बसनं जाऊ लागले. दाभोळकर कॉर्नरवरून स्टँडकडं वळायचं, हाताला लागेल ती निपाणीची गाडी पकडायची, कागल मागं टाकायचं, दूधगंगेचा पूल ओलांडला की पाट्या कानडीत सुरू व्हायच्या. त्या पुलाचं मला काही वाटायचं नाही, ती दुसरी नदी होती. निपाणीच्या स्टँडवर तंबाखूचा वास. चिकोडीला कंडक्टर कानडीत विचारायचा आणि मी मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघांनाही कळायचं. काम अवघड नव्हतं. फाइली नेणं, चहा देणं, पाणी भरणं. साहेब बरे होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की इथं एक क्वार्टर रिकामं आहे, पाहिजे तर अर्ज करा.

पगार आला की भाड्याला जायचा. मनालीची शाळेची फी मागं पडली, सोनमनं परीक्षेची पुस्तकं मैत्रिणीची आणली. पाटी मात्र तिनं पुसली नव्हती, तशीच भिंतीला टेकवून ठेवली होती. मामांचं तर रोजचंच सुरू झालं. मी जेवायला बसले की रेल्वे. अंगणात झाडत असले की रेल्वे. गल्लीतल्या माणसांना बोलावून, माझ्यादेखत, "आमच्या सुनंला सरकारनं गाडी दिलीया आणि ही वडापात बसून जातीया," असं सांगायचे. मला त्यांचा राग यायला लागला. पोटचा मुलगा गेला आणि या म्हाताऱ्याला चार पैशांचं पडलंय, असं मला वाटायचं. आणि स्वतः मात्र दर आठ-दहा दिवसांनी मिरजेला जायचे, डोळ्यात औषध घालून घ्यायला. कोल्हापुरात काय डोळ्यांचे डॉक्टर नव्हते? पण मिरजेचाच हात गुणाचा, म्हणायचे. त्यांच्या तिकिटाला पैसे होते.

एका संध्याकाळी दोन्हीकडच्या गाड्या चुकल्या आणि मी घरी पोचले तेव्हा मनाली न जेवता झोपली होती. मामा दारातच उभे.

"रेल्वेनं असतीस तर दिवा लावायच्या आत आली असतीस."

माझा तोल गेला. "उद्या मी क्वार्टरसाठी अर्ज करते," मी म्हटलं. "मनालीला घेऊन रायबागला राहते. बस नको आणि रेल्वे नको. तुमचे पैसे वाचतील."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं. "पोरगी तिकडं न्हेणार?"

"आईजवळ राहील पोरगी."

"आनि मी कुणाकडं बघू?"

मला वाईट वाटलं, पण राग जास्त होता. दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडून अर्जाचा कागद आणला. आता गोष्ट एवढ्यावर आली होती, की एकतर मी त्या पुलावरून रोज जायचं, नाहीतर प्रसेनजीतनंतर जे काही घर उरलं होतं ते दोन गावांत फोडायचं. मला दुसरं सोपं वाटत होतं. खरंच वाटत होतं.

त्याच आठवड्यात सीमाभागात आंदोलन पेटलं. इकडच्यांनी तिकडच्या गाड्यांना काळं फासलं, तिकडच्यांनी इकडच्या. दोन्हीकडच्या एसट्या हद्दीवर थांबल्या. कागलपर्यंत जा, पुढं पायी. पलीकडं काही मिळेल याची खात्री नाही. मी दोन दिवस घरी बसले. तिसऱ्या दिवशी कचेरीतून शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला, की नवीन माणसानं इतके खाडे करू नयेत, रेल्वे चालू आहे, रेल्वेनं यावं.

मी फोन ठेवून घरी आले. मामांना दुकानदारानं आधीच सांगितलं होतं. माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. नेहमीसारखं "मी म्हणत हुतो की" असं काही ते म्हणाले नाहीत.

"उद्या मी येतो संगं," म्हणाले. "मिरजेच्या फुडं."

"कशाला?"

"यितो म्हणलं न्हवं."

सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला काहीही दिसत नव्हतं. मिरजेला उतरून आम्ही पुढच्या पॅसेंजरच्या फलाटावर गेलो. मला वाटलं होतं, मामा इथं डबा शोधत चाचपडतील. ते सरळ एका खांबाजवळ जाऊन उभे राहिले, आणि गाडी आली तेव्हा डब्याचं दार बरोबर त्यांच्यासमोर आलं.

आत भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, कारखान्यावर जाणारी माणसं, एकदोन मास्तर. पाटीवर हात टेकून बसलेली एक बाई मामांना बघून सरकली. तिला सगळे आक्का म्हणत होते.

"या अज्जा, बसा की," ती म्हणाली. "ह्या येळला लौकर आलासा. अजून आठ दिस झालं न्हाईत की." मग तिनं मला बघितलं. "ही कोण?"

"सून," मामा म्हणाले.

"त्येची?"

मामांनी मान हलवली. आक्कानं माझ्याकडं नीट बघितलं आणि पाटी उचलून मांडीवर घेतली, मला ऐसपैस बसता यावं म्हणून. समोरचा मास्तर वर्तमानपत्रामागं गेला. त्या डब्यात सगळ्यांना माझ्याविषयी काहीतरी माहीत होतं, आणि मला त्यांच्यातलं कुणीच माहीत नव्हतं. मिरजेचे डोळ्यांचे डॉक्टर कोण ते माझ्या हळूहळू लक्षात यायला लागलं.

"तुम्ही इकडं येता?" मी विचारलं.

गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

उगार गेलं. मी डोळे मिटले, पदर घट्ट धरला आणि मनात काहीतरी मोजायला लागले. गाडी हळू झाली. बायकांची चुळबुळ ऐकू आली. नाणी काढत होत्या. कृष्णाबाईला नाणं टाकून हात जोडायचे, ही त्या लाइनीची रीत आहे. आमच्या घरात ते नाही. मामा तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले, नदीला हात जोडणं, नारळ सोडणं, पिंड देणं, काहीच नाही. गेलेल्या माणसाला नदीवर भेटायची कुठलीच रीत आमच्याकडं नाही.

शेजारची जागा हलकी झाली म्हणून मी डोळे उघडले. मामा उठून दाराकडं चालले होते. उघड्या दाराकडं, गुडघे दुखणारा, कान गेलेला म्हातारा माणूस. आणि त्याच क्षणी चाकांचा आवाज बदलला.

मी ठरवून उठले नाही. मला फक्त एवढंच दिसलं, की हा माणूस आता पडणार. पुलाचा मला विसर पडला असं मी म्हणणार नाही, पण त्याच्याआधी मामा होते. मी धावत जाऊन त्यांच्या मागं उभी राहिले, सदरा पकडता येईल एवढ्या अंतरावर. खाली पाणी होतं. उन्हाळ्याच्या तोंडाचं, मातकट, सावकाश चाललेलं पाणी, आणि लोखंडाचे खांब एकामागून एक निघून जात होते. हीच ती जागा होती. मी बघितली.

पुलावर इतका खणखणाट होता, की शेजारच्याला शेजारच्याचं ऐकू जाऊ नये. पण मागाच्या शेडमध्ये वाढलेल्या माणसांना आवाजात बोलता येतं. तिथं कुणी ओरडत नाही. आवाजाच्या खालून बोलतात, आणि ज्याला ऐकायचं आहे त्याला ऐकू जातं. मामा चाळीस वर्षं असं बोलले होते. आणि मी कांड्या भरत त्याच आवाजात मोठी झाले होते, हे ते विसरले होते. त्यांना वाटलं, इथं त्यांचं बोलणं कुणालाच ऐकू येत नाही.

ते बोलत होते. खाली पाण्याकडं बघून, घरात बसून बोलावं तसं.

"मनालीचा दात पडला रं. फुडचा. हसाय लाजतीया. सोनमची परीक्षा आता हुईल, पोरगी हुशार हाय, तुझ्यासारखी. ललिता नोकरीला लागली, ते मागं सांगितलंच. पर हट्टी हाय. बसनं जातीया. मी किती सांगितलं, रेल्वेनं जा म्हणून. रेल्वेनं गेली असती तर रोज तुझ्यावरनं गेली असती. दोन येळा. घरचं मानूस रोज आलं असतं तुझ्याकडं. मला काय रोज हुतंय? गुडघं गेलं माजं. आता ती पोरीला घिऊन रायबागला चाललीया. मग तुलाबी कोण न्हाई, मलाबी कोण न्हाई."

पूल संपला. आवाज एकदम खाली आला. मामा वळले तर मी.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

ते दाराच्या कडीला धरून उभे राहिले. मला खूप राग आला होता. कुणाचा ते मला धड सांगता आलं नसतं. मी रडत होते आणि भांडत पण होते.

"मला सांगायचं होतं की," मी म्हटलं. "इतके दिवस भाडं, भाडं, भाडं. मला वाटलं तुम्हाला पैसेच दिसतायत."

"पैसं दिसतच हुतं की. हायती कुठं आपल्याकडं?" ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "माझं पोरगं जितं गेलं तितनं रोज जा, असं सुनंला कुठल्या तोंडानं सांगायाचं? कोण सांगतं व्हय असं? म्हणून म्हणलं, पैसं वाचतील."

"मीही त्याच्यामुळंच बसनं जात होते," मी म्हटलं. "मला ही जागा बघायची नव्हती."

त्यांना हे कळायला वेळ लागला. मग त्यांनी हात वर केला, माझ्या डोक्यावर ठेवावा म्हणून असेल, पण सासऱ्यानं सुनेला हात लावायची आमच्यात पद्धत नाही. तो हात तसाच दाराच्या वरच्या पट्टीवर गेला. "मला काय म्हाईत," ते म्हणाले. "मला वाटलं, तू त्येला इसरायला बघतीयास."

कुडची आलं. गँगमधली दोनतीन माणसं फलाटावर होती. त्यांनी मामांना हात केला आणि मला बघून टोप्या काढल्या. मामा तिथंच उतरले, परतीच्या गाडीसाठी. मी पुढं रायबागला गेले, फाइली नेल्या, चहा दिला. क्वार्टरचा अर्ज अजून टेबलावर होता. तो मी साहेबांना परत दिला आणि सांगितलं, नको, मी कोल्हापुराहूनच येईन.

आंदोलन निवलं, एसट्या सुरू झाल्या. सोनमनं विचारलं, "वैनी, आता कसं जाणार?" मी म्हटलं, रेल्वेनं. तिनं कारण विचारलं नाही. हिशोब जुळला म्हणून ती खूश होती, आणि मामांनीही तिला तेवढंच कळू दिलं.

पुलावर सुरुवातीला मला काही बोलता येत नसे. मी नुसती दारात उभी राहायची आणि पूल जाऊ द्यायची. मग एक दिवस मनालीला ताप होता, तेवढंच सांगितलं. मग सांगत गेले. फार काही नसायचं. सोनमचं ठरलं, सोनमचं झालं, मनाली पाचवीत गेली, घराचं छप्पर बदललं. मामा घरी वाट बघत बसायचे. मी आले की विचारायचे, "सांगितलंस?" मी म्हणायची, "सांगितलं." एवढं झालं की ते जेवायला बसायचे. प्रसेनजीतचं नाव आमच्या घरात परत सुरू झालं ते असं. त्यांचे स्वतःचे निरोपही असायचे. त्याला सांग, दारातलं पेरूचं झाड तोडलं न्हाई. त्याला सांग, गल्लीतल्या गुंडूचा पोरगा त्याची आठवण काढत हुता. मी सगळं नेऊन पोचवलं.

सन दोन हजार सहाच्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. सगळं नीट झालं, कोल्हापुरात, माणसं होती, सोनम सासरहून आली. मला सगळ्यांनी सांगितलं की तू रडलीस तर बरं वाटेल. मला काही होत नव्हतं. लोकांशी बोलणं, भांडी, चहा, पाहुण्यांची जेवणं. मामा गेले, हे मी एकदाही तोंडानं म्हटलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं, म्हणायची वेळच आली नाही.

कार्यक्रम आटपून मी कामावर निघाले. आक्कानं नेहमीसारखी जागा दिली. उगार गेलं आणि मी दारात जाऊन उभी राहिले. पाणी संथ होतं. आवाज सुरू झाला. प्रत्येक वेळी मी काहीतरी घेऊन यायची, पण या वेळचं त्याला सांगायला घरचं दुसरं कुणीच नव्हतं. मीच सांगायचं होतं. त्याला नावानं मी कधी हाक मारली नव्हती, तेव्हाही मारली नाही.

"अहो," मी म्हटलं, "मामा गेले."

पूल संपेपर्यंत मी तेच म्हणत राहिले.